कोलंबियाची फी एवढी का, आणि ती पूर्ण कोण भरतं?

प्रश्न थोडक्यात असा: मुलीला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या एम.एस.ला प्रवेश मिळाला आहे. सगळा खर्च एक कोटीच्या वर जातो आणि सांगलीचं घर तारण ठेवावं लागेल. वडील विचारतात की एवढा पैसा जातो कुठे, विद्यापीठ खासगी म्हणजे नेमकं कोणाचं, आणि बाबासाहेब तिथे शिकले तेव्हाही ते इतकंच महाग होतं का?

मी अमेरिकेतल्या खासगी विद्यापीठांच्या अर्थविभागात बरीच वर्षं काढली, त्यातली बहुतेक संशोधन-अनुदानांच्या हिशेबात. त्या खुर्चीवरून दिसणारी गोष्ट आधी सांगतो. कोलंबियात एक फी नाही. एकाच प्रयोगशाळेत शेजारीशेजारी बसलेल्या तिघांपैकी एक जण काहीच भरत नाही, वर दरमहा पैसे घेतो. दुसरा घरच्या उत्पन्नाप्रमाणे भरतो. तिसरा छापील दराने पूर्ण भरतो. तुमची मुलगी तिसरी आहे. हे असं का झालं ते इतिहासात आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

मालकीचा प्रश्न लवकर संपवू. १९८३ नंतर आपल्याकडे विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली, तेव्हापासून खासगी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर संस्थाचालक आणि त्याचं घराणं येतं. कोलंबियाला असा धनी नाही. कायद्याच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे त्याचं विश्वस्त मंडळ. उरलेला पैसा कोणी घरी नेऊ शकत नाही. पण नफा वाटून घेत नाहीत याचा अर्थ पैशाची भूक नाही असा होत नाही. मी आत राहून पाहिलंय, भूक दांडगी असते.

सुरुवात १७५४ ची. इंग्लंडच्या दुसऱ्या जॉर्ज राजाने सनद दिली, नाव ठेवलं किंग्ज कॉलेज, आणि ट्रिनिटी चर्चच्या शाळेत आठ विद्यार्थ्यांवर वर्ग सुरू झाले. भांडवल कुठलं? प्रांताच्या विधिमंडळाने मंजूर केलेल्या लॉटऱ्यांमधून काही आलं, चर्चने जमीन दिली. क्रांतियुद्धात, १७७६ मध्ये, कॉलेज बंद पडलं आणि १७८४ मध्ये उघडलं तेव्हा राजाचं नाव पुसून कोलंबिया झालं. पहिल्या दिवसापासून हे विद्यापीठ मुलांच्या फीवर चालतच नव्हतं, हे लक्षात ठेवा.

त्यानंतरचा जमिनीचा किस्सा मला फार आवडतो. १८१४ मध्ये कॉलेजने राज्याकडे मदत मागितली. राज्याने रोख पैशाऐवजी गावाबाहेरची एक ओसाड पडत चाललेली बाग गळ्यात मारली. डेव्हिड होसॅक नावाच्या डॉक्टरने औषधी वनस्पतींसाठी उभारलेली ही एल्जिन बाग सुमारे २० एकरांची होती. विश्वस्तांनी नाकं मुरडली, कारण त्या काळात तिथपर्यंत शहर पोचलंच नव्हतं. मग शहर वाढत वाढत वर सरकलं. कॉलेजने तिथे प्लॉट पाडून भाडेपट्ट्याने दिले. १९२८ मध्ये त्यातली मोठी जागा धाकट्या जॉन डी. रॉकफेलरने भाडेपट्ट्याने घेतली आणि तिच्यावर रॉकफेलर सेंटर उभं राहिलं. १९८५ मध्ये कोलंबियाने ती जमीन ४० कोटी डॉलरला विकली. १९७० च्या दशकात विद्यापीठाची आर्थिक अवस्था नाजूक होती, त्यातून सावरायला या व्यवहाराचा मोठा हातभार लागला. नको म्हणत घेतलेल्या बागेने पावणेदोनशे वर्षं घर चालवलं.

आता फीच्या दृष्टीने महत्त्वाचं वळण. १८८० मध्ये जॉन बर्जेस या प्राध्यापकाने जर्मन धर्तीवर राज्यशास्त्राची पदव्युत्तर शाखा उघडली. चारच वर्षं आधी बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ याच कल्पनेवर निघालं होतं: प्राध्यापकाने नुसतं शिकवायचं नाही, नवं शोधायचं, आणि विद्यार्थ्यांनी त्याच्याबरोबर शोधायला शिकायचं. कल्पना उत्तम, पण हिशेबाला जड. साठ मुलांना एक माणूस शिकवतो तेव्हा फीतून त्याचा पगार निघतो. चार मुलांचा सेमिनार, वर मोठं ग्रंथालय आणि प्रयोगशाळा, हे फीतून कधीच निघत नाही. मग देणगीदार आले. अध्यक्ष सेथ लो याने वडिलांच्या स्मरणार्थ स्वतःच्या खिशातून १० लाख डॉलर घालून ग्रंथालयाची इमारत बांधली. १८९६ मध्ये नावात विद्यापीठ आलं, १८९७ मध्ये सध्याच्या मॉर्निंगसाइड हाइट्सच्या जागेवर बिऱ्हाड हललं. ती जागा त्याआधी मनोरुग्णालयाची होती. विद्यापीठातल्या लोकांना यावर विनोद करायला आवडतात.

बाबासाहेब पोचले ते याच जागेवर, जुलै १९१३ मध्ये, आणि बर्जेसने सुरू केलेल्या त्याच राज्यशास्त्र शाखेत. त्यांचा खर्च सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने उचलला: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्या वेळच्या दराने हे महिन्याला ५६ डॉलरच्या आसपास होतात. त्यात न्यूयॉर्कमध्ये राहायचं, खायचं, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हात आखडता न घेता पुस्तकं घ्यायची आणि घरीही पाठवायचे. बदल्यात करार होता: शिकून आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी. पैशाने फेडायचं कर्ज नव्हतं, पण ओझं होतंच, आणि बडोद्यात परतल्यावर राहायला साधी खोली मिळेना तेव्हा त्या ओझ्याचं काय झालं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

आणखी एक खर्च होता, त्याबद्दल कोणी बोलत नाही. १९१५ मध्ये त्यांना एम.ए. मिळाली, पुढच्या वर्षी पीएच.डी.चा प्रबंध लिहून झाला, पण पदवी हातात पडली १९२७ मध्ये. तेव्हाच्या नियमाप्रमाणे प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात जमा केल्याशिवाय पीएच.डी. मिळत नसे. ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा तो ग्रंथ लंडनमध्ये १९२५ ला छापला गेला, त्याला त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे, आणि त्यानंतर पदवी आली. म्हणजे फी भरून, अभ्यास पुरा करूनही शेवटचा उंबरठा छपाईचा होता. छापील आकड्याबाहेरचे खर्च हा आजचा शोध नाही.

तर तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं: सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या सामान्य घराला ते तेव्हाही अवाक्याबाहेरच होतं. फरक एवढाच की तेव्हा खर्च संस्थानाने केला. आज ती जागा तुमच्या घराच्या सातबाऱ्याने घ्यायची आहे.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत देणगीदार आणि जमीन यांवर निभावलं. जानेवारी १९३९ मध्ये कोलंबियाच्या प्युपिन हॉलच्या तळघरात अणुविभाजनाचा प्रयोग झाला, पुढे अणुबॉम्ब बनवणाऱ्या मॅनहॅटन प्रकल्पाचं बरंचसं सुरुवातीचं काम इथेच झालं, आणि केंद्र सरकार हे अमेरिकेतल्या संशोधनाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक बनलं. इथून माझं खातं सुरू होतं, तेव्हा थोडं सविस्तर सांगतो. प्राध्यापकाला सरकारी अनुदान मिळतं तेव्हा त्यात दोन भाग असतात. एक थेट खर्च: विद्यार्थ्यांचे मानधन, रसायनं, प्रवास. दुसरा अप्रत्यक्ष: इमारत, वीज, उंदरांची देखभाल, घातक कचरा, आणि आमच्यासारखे हिशेबनीस. कोलंबियाचा हा दुसरा दर थेट खर्चाच्या ६० टक्क्यांच्या वर आहे. लोकांना वाटतं ही लूट आहे. मी बॅलन्सशीट जुळवत बसलोय, त्यामुळे सांगतो, एवढं मिळूनही संशोधनाचा खर्च पूर्ण फिटत नाही. दर वर्षी विद्यापीठाला स्वतःचे पैसे घालावे लागतात. ते कुठून आणायचे, हाच प्रत्येक बजेट बैठकीचा विषय.

अलीकडच्या वर्षांचा ढोबळ हिशेब असा की कोलंबियाचं वार्षिक उत्पन्न ६६० कोटी डॉलरच्या आसपास आहे. त्यात केंद्र सरकारचे सुमारे १३० कोटी, म्हणजे एक पंचमांश. एक मोठा वाटा वैद्यकीय विभागाच्या डॉक्टरांनी रुग्ण तपासून मिळवलेला. गंगाजळी २०२४ च्या जूनअखेर सुमारे १,४८० कोटी डॉलर होती. हा आकडा वाचून लोक विचारतात, मग फी कशाला? गंगाजळी हा एक ढीग नसून हजारो वेगवेगळ्या देणग्या असतात, बहुतेकांवर देणाऱ्याची अट असते, आणि वर्षाला साधारण पाच टक्केच काढायची पद्धत आहे. कोणी संस्कृतच्या अध्यासनासाठी दिलेले पैसे इंजिनिअरिंगच्या फीसवलतीला वळवता येत नाहीत.

कधी घबाडही हाती लागतं. रिचर्ड ॲक्सेल आणि सहकाऱ्यांनी पेशींमध्ये जनुकं घालण्याची जी पद्धत शोधली, तिच्या पेटंटांनी विद्यापीठाला सुमारे ७९ कोटी डॉलर मिळवून दिले. सन २००० मध्ये त्यांची मुदत संपली आणि झरा आटला. शिवाय मालमत्ता कर माफ. न्यूयॉर्क शहरात पत्त्यांच्या संख्येने मोजलं तर सर्वांत मोठा खासगी जमीनमालक कोलंबिया आहे, आणि २०२३ मध्ये एका वृत्तपत्राने काढलेल्या हिशेबाप्रमाणे ही माफी वर्षाला सुमारे १८ कोटी डॉलरची होते. शेजारच्या हार्लेममधल्या लोकांचा राग यात आहे, आणि मला तो पटतो.

सरकारी पैशाचा दुसरा चेहरा २०२५ मध्ये दिसला. मार्चमध्ये केंद्राने कॅम्पसवरच्या ज्यूविरोधी वातावरणाचं कारण देऊन ४० कोटी डॉलरची अनुदानं रद्द केली. जुलैमध्ये तडजोड झाली: विद्यापीठाने तीन वर्षांत २० कोटी डॉलर आणि वेगळ्या चौकशीपोटी २ कोटी १० लाख भरायचे, अनुदानं बहुतांशी परत. असा खड्डा पडतो तेव्हा अर्थविभाग सर्वांत आधी विचारतो, की कुठलं उत्पन्न आपल्या हातात आहे? सरकार नाही, बाजार नाही, देणगीदार नाही. हातात असतात मास्टर्सच्या जागा.

आता त्या तिघांकडे येतो.

बारावीनंतर चार वर्षांच्या पदवीला जाणाऱ्याचा छापील खर्च राहण्याजेवणासह ९० हजार डॉलरच्या पुढे आहे, पण अमेरिकन कुटुंबाचं उत्पन्न दीड लाख डॉलरच्या आत आणि मालमत्ता बेताची असेल तर ट्यूशन फी लागत नाही. परदेशी मुलांनाही प्रवेश मिळाल्यावर गरजेइतकी मदत देतात, फक्त मदत मागितली आहे हे प्रवेश ठरवताना बघतात.

पीएच.डी.वाल्याची फी माफ, आरोग्यविमा, वर मानधन. तेही सुखासुखी नाही: २०२१ च्या नोव्हेंबरपासून दहा आठवडे जवळपास ३,००० विद्यार्थी-कामगार संपावर होते, तेव्हा कुठे २०२२ च्या जानेवारीत करार झाला. पण पीएच.डी.साठी घर गहाण ठेवावं लागत नाही.

मास्टर्सला यातलं काहीच नाही. विद्यापीठ पदवीच्या मुलांकडे आपली प्रतिष्ठा म्हणून बघतं, पीएच.डी.कडे संशोधनाचे हात म्हणून. मास्टर्सकडे कसं बघतं ते बजेटच्या तक्त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं: उत्पन्न. वर्ग वाढवायला नवी प्रयोगशाळा लागत नाही, मदत द्यायचं बंधन नाही, आणि २००६ पासून अमेरिकन विद्यार्थ्यांना पदव्युत्तर शिक्षणासाठी पूर्ण खर्चाएवढं सरकारी कर्ज मिळत आलं, त्यामुळे दर चढायला आडकाठी नव्हती. याचं टोक २०२१ मध्ये छापून आलं: कोलंबियाच्या सिनेमाच्या मास्टर्सला सरकारी कर्ज काढून गेलेल्यांवर मध्यम आकडा धरला तर १ लाख ८१ हजार डॉलरचं कर्ज होतं, आणि पदवीनंतर दोन वर्षांनी त्यांतल्या निम्म्यांची कमाई वर्षाला ३० हजार डॉलरपेक्षा कमी. ती अमर्याद कर्जयोजना जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद करण्याचा कायदा झाला आहे. अमेरिकन मुलांच्या उधारीला चाप बसला की विद्यापीठं परदेशी मुलांकडे अधिक आशेने बघतील, असा माझा होरा आहे.

इंजिनिअरिंगची गोष्ट सिनेमाइतकी वाईट नाही, हे कबूल. तरी हिशेब मांडू. एम.एस. ३० क्रेडिटची, क्रेडिटमागे अडीच हजार डॉलरच्या आगेमागे. म्हणजे ट्यूशनच ७५ हजार, वर आरोग्यविमा आणि किरकोळ फी. तीन सेमिस्टर लागली तर दीड वर्षाचं मॅनहॅटनचं राहणंखाणं, काटकसरीने ४० हजार धरा. १ लाख २० हजार डॉलर, ९० रुपयांनी १ कोटी ८ लाख. यातले एक कोटी साडेदहा टक्क्यांनी घेतले तर पूर्ण रक्कम उचलल्यावर वर्षाला साडेदहा लाख व्याज चढतं, हप्ता सुरू नसला तरी. शिक्षण चालू असताना ते भरत राहिलात असं धरलं, तरी दहा वर्षांच्या फेडीला महिन्याचा हप्ता १ लाख ३५ हजार. न्यूयॉर्कमधल्या नोकरीत हे जमतं. पुण्यातल्या सुरुवातीच्या पगारात जमत नाही. इंजिनिअरिंगच्या पदवीनंतर आजच्या नियमाने तीन वर्षं काम करता येतं, पण व्हिसाचे नियम अमेरिकेत कोणाचं सरकार आहे त्यावर फिरतात आणि बँकेचा हप्ता फिरत नाही.

नावाच्या मोहाबद्दल एक. २०२२ मध्ये कोलंबियाच्याच मायकल थॅडियस या गणिताच्या प्राध्यापकाने दाखवून दिलं की विद्यापीठाने रँकिंगसाठी कळवलेले आकडे जुळत नाहीत. लहान वर्गांचं प्रमाण फुगवून सांगितलं होतं, आणि अध्यापनावरचा खर्च म्हणून दाखवलेल्या रकमेत रुग्णसेवेचा खर्चही शिरला होता. त्या वर्षी क्रमांक दुसऱ्यावरून अठरावर घसरला. तुमचा पहिला प्रश्न होता ना, पैसा जातो कुठे? आतल्या माणसालाही तो असा खणून काढावा लागला.

माझं मत विचाराल तर, हाच प्रवेश पीएच.डी.चा असता तर डोळे झाकून पाठवा म्हटलं असतं. सगळी रक्कम कर्जाने आणि घर तारण ठेवून एम.एस.ला मी पाठवणार नाही. निम्मी रक्कम घरची असेल, किंवा तिच्याकडे दोनतीन वर्षांचा कामाचा अनुभव असेल, तर हिशेब बदलतो. कर्ज पहिल्या वर्षाच्या अपेक्षित पगाराच्या आत राहिलं पाहिजे, आणि तो पगार विद्यापीठाच्या माहितीपत्रातला नको, त्याच विभागातून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या मुलांना विचारून काढलेला हवा. तुमच्या घराला लागू होत असेल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिची मुदत कोलंबियाच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही हे आधी बघा. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्जरूपाने मदत देतं, ती एकूण खर्चापुढे थोडी असते पण व्याजाचा भार हलका करते. शिक्षणकर्जाच्या व्याजाची आयकरातली वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, ते कर सल्लागाराला विचारून घ्या.

आणि जागा राखायचे पैसे भरण्याआधी मुलीने विभागाला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. दोन सेमिस्टरमध्ये अभ्यासक्रम पुरा करता येतो का, कारण तेवढ्याने एका सेमिस्टरचं भाडं वाचतं. एम.एस.च्या मुलांना अध्यापन-साहाय्यकाचं काम मिळतं ते तासाच्या दराने की फीमाफीसह. बहुतेक ठिकाणी उत्तर तासाच्या दराने असंच येईल. आणि प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का. तिसऱ्याला हो म्हणाले, तर त्या वर्षात तिला पीएच.डी.साठी आणि सरकारी विद्यापीठांत साहाय्यक म्हणून फीमाफी देणाऱ्या विभागांत अर्ज करू द्या.